स्मरणिकेतलं घरचं पान

आमच्याकडे एखादा नावाजलेला गायक गेला, की शोकसभेतच स्मरणिकेची घोषणा होते. परभणी असो, जालना असो, नांदेड असो, साचा ठरलेला. आधी मंत्र्यांचे आणि आमदारांचे संदेश, मग कृषी सेवा केंद्रांच्या आणि सराफांच्या जाहिराती, मग मित्रांचे लेख, आणि शेवटी, रंगीत फोटोंच्या अलीकडे, घरचं एक पान. मथळा ‘माझे पती’ किंवा ‘आमचे बाबा’. त्यात एक वाक्य हमखास सापडतं: त्यांनी संसाराकडे कधी पाहिलं नाही, पण मला त्याची कधी खंत वाटली नाही. हे वाक्य मी इतक्या बायांच्या नावावर वाचलंय, की एवढ्या सगळ्यांपैकी एकीलाही खंत कशी वाटली नाही, असा प्रश्न पडतो. पान लिहून देणारा बहुतेकदा जवळच्या कॉलेजातला प्राध्यापक असतो. खाली नाव बाईंचं.

या पानाशी माझं भांडण आहे. गाणं लोकांचं झालं, हे मान्य. चौकात वाजलं, मिरवणुकीत वाजलं, लग्नात वाजलं. त्याच्यावर कुणा एकाचा ताबा राहत नाही. पण ते गाणाऱ्याच्या घरात काय घडलं, याची आठवण घरच्यांची आहे. त्यांना ती कडू सांगायची असेल तर कडू सांगू द्यावी, सांगायचीच नसेल तर त्यांच्या मागे लागू नये. आपण चाहते तिच्यावर साखर पेरतो ती स्वतःच्या सोयीसाठी, आवडत्या माणसाबद्दल नकोसं काही कानावर पडू नये म्हणून.

या भांडणासाठी जरा लांबचं उदाहरण घेतो, कारण जवळच्यांची बायकापोरं हयात आहेत आणि त्यांची नावं घेण्याचा मला अधिकार नाही. औरंगाबादला (शहराचं नाव तेव्हा तेच होतं) आमच्या होस्टेलच्या मजल्यावर एकाकडेच कॉम्प्युटर होता, त्यात इंग्रजी गाण्यांच्या एमपीथ्री खच्चून भरलेल्या. एप्रिलमध्ये खालून आंबेडकर जयंतीची मिरवणूक जायची आणि वर बीटल्स हा इंग्रजी बँड लागलेला असायचा. आमच्या डोक्यात ते दोन्ही एकत्रच बसलं. त्यामुळे बीटल्समधल्या जॉन लेननच्या घराबद्दल पुढे वाचायला लागलो, तेव्हा ते मला फार परकं वाटलं नाही.

लेननचं पहिलं लग्न २३ ऑगस्ट १९६२ ला लिव्हरपूलमध्ये झालं. सिंथियाला दिवस गेले होते. बीटल्सचं नाव नुकतं कुठे होऊ लागलेलं. पोरींच्या लाडक्या गायकाला बायको आहे हे फुटलं तर धंदा बसेल, म्हणून मॅनेजर ब्रायन एपस्टाईनच्या सल्ल्यानं लग्न लपवलं. ८ एप्रिल १९६३ ला ज्युलियन जन्मला तेव्हा बाप दौऱ्यावर. तो महिना संपायच्या आत बाप एपस्टाईनबरोबर स्पेनला सुट्टीवर निघून गेला. १९६८ मध्ये संसार मोडला. त्या मोडत्या घरातल्या पाच वर्षांच्या पोराची समजूत काढायला पॉल मॅकार्टनी गाडी घेऊन निघाला, आणि वाटेत त्याला ‘हे ज्यूड’ सुचलं. आज जगभरची मैदानं ते गाणं एका सुरात म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असतं, की बापाच्या मित्रानं बाप सोडून गेलेल्या पोरासाठी ते केलंय?

ज्युलियन मोठा झाल्यावर उघड बोलला. जगापुढे शांतीची आणि प्रेमाची भाषा करणाऱ्या वडिलांना ती घरात वापरता आली नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. वडिलांच्या काही वस्तू त्याला लिलावात बोली लावून विकत घ्याव्या लागल्या. आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९५८ मध्ये लेननची आई ज्युलिया मोटारीखाली सापडून गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये लेननला गोळ्या घातल्या तेव्हा ज्युलियनही सतरा वर्षांचाच होता.

दुसरा मुलगा शॉन, जन्म १९७५ चा, आणि तोही बापाच्याच वाढदिवशी, ९ ऑक्टोबरला. त्याच्यासाठी लेनननं जवळपास पाच वर्षं गाणं बाजूला ठेवलं, घरी राहिला, पोर सांभाळलं, पाव भाजले. एकाच माणसाच्या दोन पोरांच्या आठवणी अशा एकमेकींशी जुळत नाहीत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. आमच्या स्मरणिकेच्या संपादकासमोर हे दोघं भाऊ बसले असते तर त्यानं कुणाचं पान घेतलं असतं, हे सांगायला नको.

आता इकडे या. गायन पार्टीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जयंती १४ एप्रिलची, पण गावोगावी ती त्याच दिवशी होत नाही. आज या गावात, परवा त्या गावात, असं करत मे सरेपर्यंत जयंत्या चालतात. गायकाला सुपारी येते. पेटी, ढोलकी, बेंजो, कोरस अशी सगळी मंडळी टेंपोत कोंबून निघायचं, रात्र जागवायची, पहाटे पुढच्या गावाचा रस्ता धरायचा. ठरलेल्या रकमेतले निम्मे पैसे मंडळाचा अध्यक्ष हातावर ठेवतो, उरलेले ‘वर्गणी गोळा झाली की’. स्टेजवर बक्षीस म्हणून पडलेल्या दहा-वीसच्या नोटा पार्टीत वाटल्या जातात. पाऊस लागला की सुपाऱ्या बंद. नेमकं तेव्हाच घरात बियाण्याला, वह्या-पुस्तकांना पैसा लागतो. मग लग्नसराईपर्यंत, नाहीतर थेट १४ जानेवारीच्या नामविस्तार दिनापर्यंत, त्या दीड महिन्याच्या कमाईवर ओढत न्यायचं. गायकाच्या कष्टांवर लेख येतात. हे ओढत नेणं कुणी केलं, त्यावर ते घरचं एक पान.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात अशाच एका गायकाच्या घरी मी बसलो होतो. गायक जाऊन काही वर्षं झालेली. बाईंनी पत्र्याची पेटी उघडली आणि सुतळीनं बांधलेला हँडबिलांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. गुलाबी, पिवळे, हिरवे कागद. पुढच्या बाजूला ‘गायनाचा भव्य सामना’, कोट घातलेल्या गायकाचा फोटो, खाली ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे’. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं किराण्याची उधारी: गोडतेल अर्धा किलो, गूळ, चहापत्ती, काड्याची पेटी, पुढे आकडे, काहींवर काट मारलेली. अक्षर थोरल्या मुलीचं. बाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या, पोरगी लिहायची. ‘दुकानदार येकच पैसा दोनदा लावायचा, दादा. मग लिहून ठुवाव लागायचं,’ त्या म्हणाल्या. स्मरणिकेवाले त्यांच्याकडे येऊन गेले होते. त्यांनी हँडबिलांची झेरॉक्स काढली ती फक्त पुढच्या बाजूची.

मला विचाराल तर तो गठ्ठा दोन्ही बाजूंनी छापायला हवा होता. पुढच्या बाजूवरून कार्यक्रम कुठे कुठे झाले ते कळतं. कार्यक्रम करत राहणं कशाच्या जोरावर शक्य झालं, ते मागच्या बाजूवर लिहिलंय.

लिव्हरपूलला लोक लेननचं घर म्हणून जे घर पाहायला जातात, ते खरं तर त्याच्या मावशीचं, मिमीचं. तिनंच त्याला पाचव्या वर्षापासून वाढवलं. २००२ मध्ये लेननच्या दुसऱ्या बायकोनं, योको ओनोनं, ते विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. गिटारचा आवाज घरात नको म्हणून मिमी त्याला दारापुढच्या पोर्चमध्ये पिटाळायची, तो पोर्च तिथे जपलेला आहे. गिटार ठीक आहे, पण तिच्यावर पोट भरायचं नाही, हे तिचं बोलणंही जगभर माहीत झालंय. असं बोलणारी मावशी, आई, आजी आमच्या प्रत्येक गायकाच्या घरात होती. पेटी बडवून लेकरं जगतात व्हय, हे न ऐकता कुणी गायक झालाय असं मला वाटत नाही. पण आमच्या स्मरणिकेत ती मावशी येते ती ‘प्रेरणास्थान’ म्हणून.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. विशेषतः आंबेडकरी गायकांच्या बाबतीत. आधीच आपल्या माणसाला मोठं म्हणायला कुणी तयार नाही, पेपरात चार ओळी येत नाहीत, सरकारदरबारी फाइल हलत नाही. त्यात आपणच त्याच्या घरातली धुणी बाहेर काढायची, तर समोरचे टपलेलेच आहेत. हे मला चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं तळमळून सांगितलं आणि त्यांची तळमळ खोटी नव्हती. ज्यांनी नामांतराच्या काळात लाठ्या खाल्ल्या, गावं पेटलेली पाहिली, त्यांना आपल्या माणसाची इज्जत जपावीशी वाटणार. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित तेच म्हणालो असतो.

पण त्यांच्याच कपाटातलं एक पान त्यांच्यापुढे ठेवावंसं वाटतं. १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून वाचकांपुढे हिशेब मांडताना बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय, की आपण परदेशी असताना जिनं प्रपंचाची काळजी वाहिली, परत आल्यावरच्या हलाखीत शेणाचे भारे डोक्यावरून वाहिले, त्या पत्नीला आपण दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तासही देऊ शकत नाही. हे त्यांनी ऐन लढ्यात लिहिलं, महाडचा सत्याग्रह होऊन वर्षही झालं नव्हतं. विरोधक तेव्हाही टपलेले होतेच. आमच्या पार्ट्या तर रमाईच्या गोवऱ्यांवर गाणं म्हटल्याशिवाय स्टेज सोडत नाहीत. ते सुरू झालं की बाया डोळ्याला पदर लावतात, पेटीवर नोटा पडतात. मग ते गाणाऱ्याच्या स्वतःच्या घरात त्या रात्री चूल पेटली होती का, एवढं विचारलं की चळवळीची बदनामी कशी होते?

मराठीत हे आधी होऊन गेलंय. मल्लिका अमर शेख शाहिराची लेक (अमर शेख बार्शीचे, म्हणजे आमच्या उंबऱ्यावरचे) आणि नामदेव ढसाळांची बायको. १९८४ मध्ये त्यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आलं. त्यातला संसार वाचणं आजही जड जातं. त्यानं ढसाळांची कविता कमी झाली? १९७२ चा ‘गोलपिठा’ उघडून बघा, तेवढाच अंगावर येतो. १९९० मध्ये सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ आलं तेव्हा पुलंच्या कितीतरी चाहत्यांना ते झोंबलं, पण म्हणून पुलं वाचायचं कुणी सोडलं नाही. वाचक तेवढा शहाणा असतो. फरक एवढाच, की या दोघी मुळात लिहिणाऱ्या होत्या. उधारी लेकीकडून लिहून घेणाऱ्या बाईकडे तिची बाजू मांडायला कुणी नाही, आणि तिच्या नावानं लिहायला मात्र प्राध्यापक तयार आहे.

दुसरा आक्षेप असा, की घरचे तरी खरं कशावरून सांगतात? त्यांचेही रागलोभ असतात, पैशाचे वाद असतात. असतातच. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९७० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, मृत्युपत्र न करता गेला. गाण्यांचे हक्क वडिलांच्या हातात यायला १९९५ उजाडलं. २००२ मध्ये वडील गेले, तर त्यांच्या मृत्युपत्रात जिमीच्या भावाला, लिऑनला, जवळपास काहीच नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि भाऊ हरला. म्हणजे ‘घरचे’ कोण, हेच तिथे ठरेना. आपल्याकडे तर दोन घरं असलेले कलावंत काही कमी नव्हते, आणि स्मरणिकेत दुसऱ्या घराचा फोटोसुद्धा नसतो. मला यातून एकच मार्ग दिसतो: ज्यांनी ज्यांनी त्या माणसाची वाट बघत रात्री काढल्या, ते सगळे घरचे धरावेत. त्यांचं जुळत नसेल तर न जुळणारं छापावं. ते न्यायालयातलं सत्य होणार नाही. पण प्राध्यापकाच्या वाक्यापेक्षा बरंच खरं असेल.

न बोलण्याबद्दलही बोलायला हवं, कारण हल्ली जास्त त्रास तिथे होतोय. मोबाइल घेऊन पोरं थेट चुलीपर्यंत जातात. गायकाच्या म्हाताऱ्या बायकोला ‘आजी, दादांचं एक गाणं म्हणा ना’ म्हणतात, तिला दोन ओळींत हुंदका येतो, आणि संध्याकाळपर्यंत ‘महान गायकाच्या पत्नीवर ही वेळ’ अशा मथळ्याखाली तो हुंदका जिल्हाभर फिरतो. तिला विचारलं होतं का? दारात आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, चहा तरी पाजतोच आम्ही. या रीतीचा हा गैरफायदा आहे, दुसरं काही नाही.

क्वीन या इंग्रजी बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्याला तसा जवळचा; फारुख बलसारा, पारशाचं पोर, शाळा पाचगणीची. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्या लंडनच्या घराला पत्रकारांचा वेढा होता. आपली रक्षा कुठे ठेवायची हे त्यानं जुन्या मैत्रिणीवर, मेरी ऑस्टिनवर, सोपवलं, आणि तीस वर्षं उलटली तरी तिनं ते सांगितलेलं नाही. तिच्याशी त्याचं लग्न झालेलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. घर त्यानं तिला दिलं. २०२३ मध्ये तिनं घरातल्या वस्तू लिलावात काढल्या, सुमारे चार कोटी पौंड आले. संग्रहालय का नाही केलं, म्हणून चाहते हळहळले. त्यांची हळहळ मला समजते. त्याचा पियानो अनोळखी घरात गेला हे मलाही बरं वाटलं नाही. पण त्या घरात बत्तीस वर्षं राहिली कोण? आणि अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीचं घर, ग्रेसलँड, तर १९८२ पासून लोकांना खुलं आहे, रांगा लावून लोक येतात, तरी वरचा मजला आजही बंद. तो पाहायला मिळाला नाही म्हणून एल्विसचं गाणं कुणाला कमी ऐकू आलेलं नाही. ज्युलियन लेननही वडिलांचं ‘इमॅजिन’ कितीतरी वर्षं टाळत राहिला. गायला तो २०२२ मध्ये, युक्रेनसाठी, त्याला स्वतःला वाटलं तेव्हा.

आठवणींसाठी कायदा नाही, पण पैशासाठी आहे, आणि घरच्यांचा हक्क खरोखर मानायचा असेल तर सुरुवात तिथून करता येते. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं, २०२४ पासून महिना ५,००० रुपये. फाइलला पुरावे लागतात: कार्यक्रमाच्या पत्रिका, कात्रणं, फोटो. म्हणजे हा माणूस कलावंत होता हे सरकारला पटवणारा कागद बहुतेक घरांत बायकोनंच जपलेला असतो, कधी कधी तर उधारी लिहायला म्हणून. पंचायत समितीत खेटे मारतानाही तीच दिसते.

गाण्यांचं याहून वाईट आहे. कॉपीराइट कायद्यानं गीतकाराचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, वारसांकडे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातल्या गीत-संगीताची रॉयल्टी वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. आमच्याकडचे कितीतरी गायक स्वतःच गीतं लिहायचे, चालीही स्वतःच लावायचे. कॅसेटच्या जमान्यात कंपनीनं एकरकमी काहीतरी हातावर टेकवलं, एका कागदावर सही घेतली, आणि त्या कागदाची प्रत घरी आलीच नाही. आज तीच गाणी यूट्यूबवर लाखो लोक ऐकतात. टाकणारे चाहतेच, प्रेमानं टाकतात, खाली ‘विनम्र अभिवादन’ लिहितात. त्यावर जाहिराती लागल्या तर पैसा कुणाकडे जातो, हे विचारायचं त्यांच्या मनातही येत नाही.

चाहत्यांमध्ये वकील असतात, प्राध्यापक असतात, मंत्रालयात ओळखी असलेलेही असतात. त्यांनी महिनाभर हेच काम केलं तरी पुष्कळ होईल: बाईंसमोर बसायचं, कुठली गाणी कुणी लिहिली, चाल कुणाची, कुठल्या साली कुठे रेकॉर्डिंग झालं, हे तिच्याकडून आणि पोरांकडून लिहून घ्यायचं, आणि तो जुना कागद कंपनीकडून मागवायचा. पुतळ्याच्या वर्गणीसाठी माझ्याकडे येणाऱ्यांना मी सध्या आधी हेच विचारतो, की कॅसेटचा करार तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का. अजून एकानंही हो म्हटलेलं नाही.